लेक जादुगोड्याला आहे, चौथा महिना – किरणोत्साराची भीती किती खरी?

नीलमोहोर | १९ मे, रात्री ११.४८

नमस्कार. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर माझ्या लेकीचं लग्न झालं आणि ती झारखंडमध्ये जादुगोड्याला गेली. टाटानगर स्टेशनपासून गाडीने तासाभराच्या आत. जावई तिथल्या युरेनियमच्या खाणीत इंजिनिअर आहेत. स्थळ आलं तेव्हा सरकारी नोकरी, कंपनीचं घर, निर्व्यसनी मुलगा एवढंच आम्ही बघितलं. खाण कशाची, हे मी तेव्हा विचारलंही नाही.

आता तिला चौथा महिना लागलाय. परवा फोनवर म्हणाली, घरकामाला येणारी मुलगी सांगत होती की तिच्या गावात काही मुलं जन्मापासूनच चालू शकत नाहीत, आणि बायका म्हणतात हे तळ्याच्या गाळामुळे. लेक म्हणाली, आई, असं काही नसतं ना गं? मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

जावयांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, आई, किरणोत्सार मोजणारे आमचे बॅज नियमित तपासतात, कॉलनीत काही धोका नाही. ते खोटं बोलणारे नाहीत. पण त्यांना पुन्हा पुन्हा विचारणं बरं दिसत नाही.

मला एवढंच कळायला हवंय: कॉलनीत राहणं सुरक्षित आहे का? पिण्याचं पाणी? त्यांच्या कपड्यांवरून घरात काही येतं का? बाळंतपणाला ती सातव्यात इकडे येणारच आहे, पण तिला आत्ताच आणावं का?

---

उंबरठा | २० मे, सकाळी ७.१०

ताई, मी तुमच्या जागी असते तर आजच तिकीट काढलं असतं. नंतर हळहळण्यापेक्षा बरं.

---

कळवेकर | २० मे, सकाळी ८.०२

उंबरठा, घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवू नये. किरणोत्सार सगळीकडे असतो, जमिनीतून येतो, आकाशातून येतो, केळ्यातसुद्धा असतो. हजारो कामगार आणि अधिकारी तिथे कुटुंबासह वर्षानुवर्षं राहतात. आंदोलनवाल्यांच्या गोष्टींवर झोप उडवून घेऊ नका. देशाला वीज हवी तर युरेनियम कुठून तरी काढावंच लागणार.

---

खाडीपलीकडे | २० मे, दुपारी १.३५

नीलमोहोरताई, मी नेरुळला राहतो. ट्रॉम्बेला चौतीस वर्षं किरणोत्सार मोजण्याचं काम केलं, जादुगोड्यालाही तीन-चार वेळा जाऊन आलो. आता निवृत्त आहे, कोणाच्या वतीने बोलत नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण 'धोका आहे' आणि 'धोका नाही' या दोन्ही उत्तरांनी तुमची झोप परत येणार नाही.

सिंगभूमचं, म्हणजे जादुगोड्याच्या मुलखातलं युरेनियम फार विरळ. १ टन दगड फोडला तर अर्धा किलोच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी हाती लागतं. तो दगड मिलमध्ये पिठासारखा दळतात, आम्लात युरेनियम विरघळवून वेगळं काढतात आणि त्याचा पिवळा साका, ज्याला यलोकेक म्हणतात, पिंपात भरून हैदराबादला जातो. तिथे इंधन तयार होतं. उरलेलं पीठ, म्हणजे जवळजवळ टनाला टन, चुन्याने आम्ल मारून पाण्याबरोबर पाइपातून डोंगराच्या कुशीत बांध घालून केलेल्या तळ्यांत सोडतात. काही भाग खाणीतली पोकळी भरायला परत जातो. ही तळी म्हणजेच टेलिंग पाँड. तुमच्या लेकीच्या घरी येणारी मुलगी ज्या तळ्याबद्दल बोलत होती ते हेच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. युरेनियम काढून घेतलं तरी त्याच्या विघटनातून तयार झालेली संतती त्या पिठातच राहते: थोरियम-२३०, रेडियम-२२६ आणि पुढची सगळी. मूळ दगडात जेवढा किरणोत्सार होता त्यातला सुमारे ८५ टक्के गाळात उरतो. रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. अजिंठ्याची वाकाटकांच्या काळातली लेणी कोरली गेली, तेव्हापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, साधारण तेवढा. म्हणजे खाण बंद झाली तरी तळं सांभाळायचं काम संपत नाही.

रेडियममधून रेडॉन नावाचा वायू निघतो. रंग नाही, वास नाही. मोकळ्या हवेत विरतो, पण खाणीत आणि बंद खोलीत साठतो. त्यापासून तयार होणारे पोलोनियमचे कण धुळीला चिकटून फुप्फुसात जातात आणि तिथे आतून मारा करतात. युरेनियम खाणीतल्या कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त होतो, याबद्दल शास्त्रात दुमत नाही. जर्मनी-चेक सीमेवरच्या खाणी, अमेरिकेतले नावाहो आदिवासी खाणकामगार, सगळीकडे ते दिसलं. अमेरिकेने १९९० मध्ये अशा कामगारांना भरपाई देण्यासाठी कायदाच केला. म्हणून आजच्या खाणीत हवा खेळती ठेवण्यावर एवढा भर असतो.

आता आकडे. आपल्या नियामक मंडळाने सामान्य माणसासाठी निसर्गातल्या मात्रेवर वरून वर्षाला १ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजायचं एकक) ही मर्यादा ठेवलीय. कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. निसर्गातूनच माणसाला जगभरात सरासरी २.४ मिळतात. आपल्या ठाणे-मुंबईच्या काळ्या पाषाणात युरेनियम-थोरियम फार कमी, म्हणून आपल्याकडची जमीन या बाबतीत सौम्य आहे. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियम असलेल्या मोनाझाइटच्या वाळूमुळे किरणोत्सार आपल्या कितीतरी पट आहे, आणि तिथल्या मोठ्या अभ्यासात कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. कळवेकरांचं म्हणणं इथवर बरोबर आहे. पण केळं आणि टेलिंग पाँड एका तागडीत घालू नका. केळ्यातलं पोटॅशियम शरीर आपोआप बाहेर टाकतं, रेडियमला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडात नेऊन ठेवतं.

तुमच्या प्रश्नांबद्दल:

कॉलनीचं घर तळ्यापासून किती दूर आणि वाऱ्याच्या कोणत्या बाजूला, हे लेकीला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला सांगा. पुरेसं दूर असेल तर बाहेरून मिळणारी मात्रा ही काळजीची बाब नाही, हे मी जबाबदारीने लिहितो. खिडक्या उघड्या ठेवायच्या, विशेषतः सकाळी.

जावयांनी कामाचे कपडे आणि बूट कामाच्या जागीच सोडायचे, तिथेच आंघोळ करून घरी यायचं. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. यात कसलीही सूट नाही.

पाणी कंपनीच्या नळाचं असेल तर तेच प्यावं. जवळपासच्या विहिरीचं किंवा हातपंपाचं तपासल्याशिवाय नको. पाण्यातल्या युरेनियमची भीती किरणोत्सारापेक्षा मूत्रपिंडाला जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा ६०.

आणि घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती आज बंद. धूर आणि रेडॉन एकत्र आले की धोका नुसता जोडला जात नाही, गुणला जातो.

---

वैद्यकी | २० मे, रात्री १०.२०

मी वाशीला स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. वरच्या काकांनी फार नीट लिहिलंय, मी फक्त गर्भाबद्दल भर घालते.

गर्भात व्यंग निर्माण होण्यासाठी जी मात्रा लागते ती साधारण १०० मिलिसीव्हर्टच्या पुढची मानली जाते. ज्या कॉलनीत वर्षाला एक-दोन मिलिसीव्हर्टची चर्चा आहे तिथे राहिल्याने तुमच्या नातवंडाला व्यंग येईल असं मानायला आधार नाही. हे आधी मनात पक्कं करा आणि आज झोपा.

अगदी कमी मात्रेत काहीच होत नाही, असंही मात्र मी म्हणणार नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलिस स्ट्युअर्ट यांनी आयांना विचारून विचारून दाखवलं की गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढलेल्या बायकांच्या मुलांत रक्ताचा कर्करोग जास्त होता. तेव्हा त्यांचं कोणी ऐकलं नाही, कारण माहिती 'आयांच्या आठवणीतली' होती. आज आम्ही गरोदर बाईचा एक्स-रे टाळतो तो त्या अभ्यासामुळे.

लेकीसाठी: अठरा ते वीस आठवड्यांत व्यंग तपासणारी सोनोग्राफी नक्की करा. सोनोग्राफीत किरणोत्सार नसतो, हा प्रश्न मला रोज विचारतात म्हणून लिहिते. थॅलेसेमियाची (रक्ताचा आनुवंशिक आजार) चाचणी झाली नसेल तर दोघांचीही करा. आणि खरं सांगू, त्या भागात पावसाळ्यात मला किरणोत्सारापेक्षा मलेरियाची जास्त धास्ती वाटेल. मच्छरदाणी, ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी. प्रवास सातव्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत ठीक, फार लांबवू नका.

---

नीलमोहोर | २१ मे, सकाळी ६.१५

काका, डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू. रात्री तुमचं वाचून लेकीला फोन केला. घर तळ्यापासून लांब आहे, मध्ये टेकडी आहे. जावई खाणीवरच आंघोळ करून येतात, हे मला माहीतच नव्हतं. पाणी नळाचं. काल चार तास सलग झोपले.

---

जुना_टाटानगरी | २१ मे, सकाळी ९.४०

मी आता खारघरला असतो, पण अकरा वर्षं जमशेदपूरला काढली. तो मुलुख सुंदर आहे हो. सालाची जंगलं, मोहाची फुलं, पलीकडे सुवर्णरेखा. संथाळ, हो, मुंडा, भूमिज लोकांची गावं, मातीच्या भिंती अशा सारवलेल्या की हात फिरवावासा वाटतो. सोहरायच्या सणाला त्यावर चित्रं काढतात. तुमच्या लेकीला एकदा बघायला सांगा.

कल्याणहून गीतांजली पकडा, दुसऱ्या दिवशी सकाळी टाटानगर. राखा माइन्स हे स्टेशन आणखी जवळ पडतं, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत.

---

रानवाट | २१ मे, रात्री ११.०५

दोन दिवस वाचतेय. नीलमोहोरताई, तुम्हाला दिलासा मिळाला याचा मनापासून आनंद आहे. पण सगळी चर्चा कॉलनीपाशी येऊन थांबली. जिने हे सांगितलं ती मुलगी कॉलनीत राहत नाही. तिच्याबद्दल कोणी विचारलं नाही.

मी ऐरोलीची. समाजकार्याचं शिक्षण घेताना पूर्व सिंगभूममध्ये पाच महिने राहिले, सायकलवर त्या गावांतून फिरले. चाटीकोचा, डुंगरीडीह, तिलाईटांड. तळ्याचा बांध आणि घरं यांत अंतर म्हणावं असं अंतर नाही. उन्हाळ्यात तळं वाळलं की वर पांढुरकी धूळ दिसते. गुरं जातात, लाकडं आणायला बायका जातात. खाणीतून निघालेला निकामी दगड वर्षानुवर्षं रस्त्याला, घराच्या जोत्याला वापरला गेलाय.

१९९६ च्या जानेवारीत तिसऱ्या तळ्यासाठी चाटीकोचातली घरं पाडली. त्याच आसपास आदिवासींनी संघटना बांधली, घनश्याम बिरुली त्यात पुढे होते. २००६ च्या नाताळाच्या सुमारास डुंगरीडीहजवळ गाळ वाहून नेणारा पाइप फुटला आणि कित्येक तास तो गाळ ओढ्यात जात राहिला. डुंगरीडीहमध्ये विस्थापित कुटुंबंच राहत होती. पाइप फुटल्याचं कळवलं तेही गावकऱ्यांनीच.

२००७ मध्ये शांतता आणि विकासासाठी काम करणाऱ्या भारतीय डॉक्टरांच्या संघटनेने सर्वेक्षण केलं. खाणींपासून अडीच किलोमीटरच्या आतली २११८ घरं आणि सुमारे ३० किलोमीटर दूरची १९५६ घरं. जन्मजात व्यंग असलेली मुलं झाल्याचं सांगणाऱ्या आयांचं प्रमाण जवळच्या गावांत ४.४९ टक्के, दूरच्या गावांत २.४९. जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या हिरोआकी कोइदे यांनी येऊन मोजमाप केलं, त्यांना वस्तीतही प्रदूषण पोचलेलं दिसलं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबद्दलची याचिका फेटाळली ती अणुऊर्जा आयोगाच्या प्रतिज्ञापत्रावर. पुढे २०१४ मध्ये झारखंड उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

आणि एक गोष्ट कुठल्या तक्त्यात येत नाही. त्या गावांतल्या मुलींची लग्नं जमत नाहीत. बाहेरची माणसं म्हणतात, जादुगोड्याची सून नको, मूल धड होणार नाही. म्हणून बायका गर्भपात झाला तरी सांगत नाहीत, घरातलं आजारी मूल पाहुण्यांपुढे आणत नाहीत. मी ज्या घरात राहत होते तिथल्या मावशींनी तिसऱ्या महिन्यात मला सांगितलं, तेही रात्री, दिवा मालवल्यावर.

---

कळवेकर | २२ मे, सकाळी ८.३०

रानवाट, भावना समजतात. पण सरकारी डॉक्टरांनीही तपासणी केली होती आणि त्यांचं म्हणणं होतं की हे आजार किरणोत्साराचे नाहीत. कुपोषण, मलेरिया, थॅलेसेमिया, दारू हीच कारणं. मग त्यांचं का मानायचं नाही?

---

खाडीपलीकडे | २२ मे, सकाळी ११.५०

रानवाट, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी कॉलनीपाशी थांबलो हे खरं आहे. मला विचारलं तेवढंच मी सांगितलं, आणि नोकरीभर तसंच केलं.

आकड्यांबद्दल मात्र प्रामाणिकपणे लिहितो. ४.४९ आणि २.४९ हा फरक लहान नाही. पण तो आयांनी सांगितलेल्या आठवणींवर उभा आहे. ज्या गावात वीस वर्षं या विषयाची चर्चा चालू आहे तिथली आई प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवते, तीस किलोमीटरवरची कदाचित विसरते. व्यंग म्हणजे काय, याची व्याख्या घरागणिक बदलते. बाहेरून मोजली जाणारी गॅमा मात्रा एवढ्या व्यंगांचं कारण होण्याइतकी नाही, हेही खरं. म्हणून यावरून मी 'किरणोत्सारामुळेच' असं म्हणणार नाही.

पण कळवेकर, उलट बाजूही तितकीच कच्ची आहे. एकदाच गावात जाऊन काही डझन आजारी माणसं तपासायची आणि प्रत्येकाला एक नाव द्यायचं, याने 'किरणोत्सारामुळे नाही' हे सिद्ध होत नाही. थॅलेसेमिया असलेल्या मुलाच्या विहिरीतही युरेनियम असू शकतं. लहान लोकसंख्येत विरळा आजार वाढलाय की नाही हे कळायला प्रत्येक जन्माची, प्रत्येक मृत्यूची, प्रत्येक गर्भपाताची वीस-तीस वर्षं सलग नोंद लागते, आणि ती ठेवणारा माणूस कंपनीचाही नको, आंदोलनाचाही नको.

दुसरं, मात्रा. कामगाराच्या छातीवर बॅज असतो. त्याला वर्षभरात किती मिळालं ते कागदावर असतं, निवृत्त झाल्यावरही राहतं. गावातल्या बाईच्या छातीवर बॅज नसतो. तिची मात्रा आम्ही हिशोबाने काढायचो: इतके तास घरात, इतके बाहेर, इतकं पाणी, इतका तांदूळ. ती जोत्याला कुठला दगड वापरते, तिचं मूल कुठल्या वाळूत खेळतं, हे त्या हिशोबात आपोआप येत नाही. जादुगोड्याला पर्यावरण मोजणारी प्रयोगशाळा आहे, तिथले लोक काम नेकीने करतात, त्यांना मी ओळखतो. पण जो खाण चालवतो आणि जो मोजतो ते दोघेही एकाच खात्याचे असले, की आकडा बरोबर असूनही त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. हे मी १९९० च्या दशकात एका बैठकीत बोललो होतो. तेव्हा गप्प बसवलं गेलं आणि मी बसलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

---

वैद्यकी | २२ मे, दुपारी ३.१५

काका, आयांच्या आठवणींबद्दलच्या तुमच्या शंकेला शास्त्रीय आधार आहे, मान्य. पण ॲलिस स्ट्युअर्टनाही हेच ऐकवलं होतं. पुढे रुग्णालयांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासांनी आयांचंच खरं ठरवलं. आठवणीवर शंका असेल तर त्याचं उत्तर नोंद ठेवणं हे आहे. शंका आहे म्हणून फाइल मिटवणं हे उत्तर होत नाही.

---

दिवाळे_गाव | २३ मे, रात्री ९.००

मी दिवाळे कोळीवाड्यातला. खाडीत आमच्या तीन पिढ्या गेल्या. युरेनियम मला कळत नाही, पण रानवाटने जे लिहिलं ते कळतं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने आले तेव्हा माझे वडील सांगायचे, पाण्याला वेगळाच वास येतो, जाळं धुतलं तरी जात नाही, जिताडा कमी झाला, निवट्या दिसेनाशा झाल्या. त्यांना विचारलं जायचं, पुरावा काय? आता पुरावा कुठून आणायचा? पन्नास वर्षांपूर्वी खाडीत किती मासळी होती याची वही कोणी ठेवली नव्हती. आधीचं मोजलेलं नसलं की नंतर काहीच सिद्ध होत नाही.

तारापूरच्या नव्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवलं, तेव्हा तारापूर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिकडे आमचे सोयरे आहेत. समुद्रापासून लांब नेऊन घर दिलं, पण मच्छीमाराला समुद्रापासून लांब घर काय करायचं?

---

खाडीपलीकडे | २३ मे, रात्री ९.४०

दिवाळे_गाव, त्यात एक धागा आहे जो फारसा कोणाला माहीत नसतो. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या देशातल्याच युरेनियमवर चालतात. आता आंध्रात तुम्मलपल्लेलाही खाण आहे, पण कित्येक दशकं देशातलं युरेनियम म्हणजे सिंगभूमच. आपल्या घरातल्या विजेत जादुगोड्याचा वाटा आहे.

---

उंबरठा | २४ मे, सकाळी ७.३०

एक बाळबोध प्रश्न. वाशीला मसाल्यांवर किरणं सोडतात म्हणे. मग आपल्या मिरचीपुडीत पण हे येतं का?

---

खाडीपलीकडे | २४ मे, सकाळी ८.१०

नाही. तिथे मसाल्यावर गॅमा किरणांचा मारा होतो, कीड आणि जंतू मरतात, मसाला स्वतः किरणोत्सारी होत नाही. उन्हात वाळवलेल्या मिरचीत ऊन साठून राहत नाही, तसंच. निर्धास्त वापरा.

---

रानवाट | २४ मे, रात्री १०.३०

काका, तुम्ही त्या बैठकीबद्दल लिहिलंत, त्यासाठी मान लवते.

मेघालयात डोमियासियतला कोंग स्पिलिटी लिंगदोह लांगरिन या बाई होत्या. युरेनियमसाठी जमीन मागितली, मोबदला देऊ केला, त्यांनी शेवटपर्यंत दिली नाही. २०२० मध्ये गेल्या. त्यांना नकार देता आला, कारण तिथे खाण अजून सुरू व्हायची होती. जादुगोड्याच्या बायकांना तो पर्याय कधी मिळालाच नाही, १९६७ मध्ये त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

---

नीलमोहोर | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२०

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. जुलैच्या शेवटी लेकीला आणायला मी स्वतः गेले. बारा दिवस राहिले. सोनोग्राफी व्यवस्थित आली होती. आता ती इथे आहे, परवा डोहाळजेवण झालं.

घरकामाला येणारी ती मुलगी, तिचं नाव इथे लिहीत नाही, एकोणीस वर्षांची आहे. पहिले दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. मग मी पुरणपोळी केली, तिला शेजारी बसवून खाऊ घातली, तेव्हा जरा मोकळी झाली. एका दुपारी म्हटलं, मला तुझं गाव बघायचंय. जावई म्हणाले, आई, पावसात कशाला. मग तेच छत्री घेऊन बरोबर आले.

टेकडी ओलांडली की चित्र बदलतं. बांध दिसतो, कुंपण दिसतं, कुंपणाला जागोजागी वाट पडलेली दिसते. पाऊस होता म्हणून धूळ नव्हती. तिच्या आईने अंगणात खाट टाकली, द्रोण भरून मोहाची सुकी फुलं भाजून दिली. घराच्या आतून कोणाचा तरी आवाज येत होता, शब्द नसलेला. तिचा धाकटा भाऊ. चौदा वर्षांचा, उठून बसता येत नाही. मी बघू का म्हटलं तर आईने आधी माझ्याकडे, मग जावयांकडे बघितलं आणि मान हलवली.

मी त्याच्याजवळ बसले. त्याने माझ्या बांगड्या वाजवल्या. कशामुळे हे झालं ते मला माहीत नाही, काका म्हणतात तसं कदाचित कोणालाच सांगता येणार नाही. त्याला कुठल्या मोठ्या रुग्णालयात कधी नेलंय का, विचारलं. एकदा नेलं होतं. एक कागद मिळाला होता, तो पावसात भिजला.

परतताना जावई वाटभर बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, आई, तीन वर्षं इथे आहे, हे घर माझ्या ऑफिसपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे, मी आज पहिल्यांदा आलो.

त्या मुलीचं लग्न ठरतंय. मुलगा पलीकडच्याच गावचा, कारण लांबचे विचारत नाहीत. मी माझ्या लेकीला सातव्यात घेऊन आले, कारण तिला माहेर आहे आणि ते ठाण्यात आहे. त्या मुलीचं माहेर त्या बांधाखाली आणि सासरही त्याच बांधाखाली. पहिल्या रात्री मी इथे प्रश्न विचारला तेव्हा ती माझ्या डोक्यातही नव्हती.

त्या घराला प्यायला हातपंप आहे. काका, तुम्हाला निघायच्या आधी फोन केला होता, तुम्ही सांगितलं तसं पाणी आणलंय.

---

वैद्यकी | ११ ऑगस्ट, रात्री ८.४५

ताई, त्या मुलाबद्दल मला वेगळा निरोप पाठवा. वय, जन्माच्या वेळी काय झालं, रडला होता का, झटके येतात का, आधी मान धरायचा आणि मग सोडली का, हे सगळं. व्हिडिओ मिळाला तर उत्तम. मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर माझ्या ओळखीच्या आहेत, मी दाखवते. कारण सापडेल की नाही सांगत नाही, पण आखडलेल्या सांध्यांना आणि गिळण्याच्या त्रासाला उपाय असतात. आणि बहिणीला लग्नाआधी फोलिक ॲसिड सुरू करायला सांगा, थॅलेसेमियाची चाचणीही.

---

रानवाट | ११ ऑगस्ट, रात्री ९.१५

कागद पुन्हा काढता येतो. रुग्णालयाच्या नोंदवहीत नाव असेल. तिकडे अजून माझे दोघे-तिघे ओळखीचे आहेत, उद्या बोलते.

---

खाडीपलीकडे | १२ ऑगस्ट, सकाळी ७.०५

नीलमोहोरताई, बाटल्या कशा भरल्या ते नेमकं लिहा. प्रयोगशाळेत मीच घेऊन जाणार आहे, तिथे विचारतील. हातपंप आधी किती वेळ चालवला? बाटली कोणती होती? आणि किती वाजता भरली?

---

नीलमोहोर | १२ ऑगस्ट, सकाळी ७.४०

दोन बाटल्या, प्लास्टिकच्या, नव्या, लिटर-लिटरच्या. त्याच पाण्याने तीनदा विसळल्या, काठोकाठ भरल्या. सकाळी साडेदहाची वेळ. पंप दहा मिनिटं चालवला, सगळा वेळ त्या मुलीनेच. मी घड्याळ धरून उभी होते. चिठ्ठीवर गाव, तारीख, वेळ मी लिहिणार होते, पण तिने पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. खाली सहीसुद्धा केलीय.